अंगाची जाणीव कुणाच्या हिशेबात?

बाईच्या छातीबद्दल आपल्याकडे दोनच तऱ्हांनी बोलले जाते. ती आई झाली की तिला पुरेसे दूध येते का, हा एक प्रश्न. आई होण्याआधी आणि नंतरही ती दिसते कशी, हा दुसरा. पहिला प्रश्न सासू विचारते, शेजारीण विचारते, आरोग्यसेविका विचारते. दुसरा प्रश्न उघडपणे कुणी विचारत नाही, पण तो बघायला आलेल्या पाहुण्यांच्या नजरेत असतो, नवऱ्याच्या टोमण्यात असतो, सिनेमाच्या पोस्टरवर असतो. या दोन्ही प्रश्नांत ती बाई स्वतः कुठेच नाही. तिला तिथे काय जाणवते, स्पर्श, ऊब, दुखणे, सुख, हे विचारणारा तिसरा प्रश्न घरात निघत नाही, दवाखान्यात निघत नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्या बैठकांतही क्वचितच निघतो.

स्तनवर्धनाच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे सिलिकॉनची पिशवी बसवून छाती मोठी करण्याच्या ऑपरेशनचा विचार आपण या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करावा, असे मला वाटते. या ऑपरेशननंतर स्तनाच्या आणि स्तनाग्राच्या संवेदनेत बदल होऊ शकतो. कुणाला काही महिने बधिरपणा राहतो, कुणाला उलट साधा कपडा लागला तरी झोंबते, आणि काहीजणींची जाणीव कधीच पूर्वीसारखी परत येत नाही. हा धोका नवा नाही, गुपितही नाही. वैद्यकशास्त्राने तो केव्हाच नोंदवलेला आहे. पण ऑपरेशन करून घेणाऱ्या बाईपर्यंत तो पोचतो का, आणि पोचला तर तिला समजेल अशा भाषेत पोचतो का, हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

काही मैत्रिणी लगेच म्हणतील, हा श्रीमंत बायकांचा विषय. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, जिथल्या बायका ऊसतोडीला गाव सोडून जातात, तिथे छाती वाढवण्याच्या ऑपरेशनची चर्चा कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे.

पहिले उत्तर असे की बाजार पाण्याची वाट बघत नाही. नळाला पाणी आठवड्याने येत असले तरी मोबाइलवर जाहिरात रोज येते. नांदेड-लातूरच्या मुलींना 'सौंदर्य शस्त्रक्रिया' हा शब्द आता नवा नाही, आणि तिच्यासाठी हप्त्यावर पैसे मिळतात हेही त्यांना ठाऊक आहे. दुसरे असे की हे ऑपरेशन कायम श्रीमंतांपुरते राहील असे नाही. तामिळनाडू सरकारने २०१८ साली चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गरीब बायकांसाठी स्तनांची अशी ऑपरेशने मोफत करण्याचे जाहीर केले, तेव्हा देशभर वाद झाला. गरिबांना सुंदर दिसण्याचा हक्क नाही का, असे एका बाजूने विचारले गेले. सरकारचा पैसा यावर का, असे दुसऱ्या बाजूने. या गदारोळात ऑपरेशननंतर त्या बाईला काय जाणवेल, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायकांमध्ये हा विषय सरळ कधी निघत नाही. आधी नवऱ्याचे वागणे निघते, मग सासरचे बोलणे, आणि उठता उठता दाराशी एक प्रश्न येतो. नांदेडकडच्या एका बाईला दोन बाळंतपणांनंतर नवरा सारखा शेजारणीशी तुलना करून बोलायचा. लातूरकडच्या एका मुलीला तीन ठिकाणहून नकार आला होता, आणि 'अंगानं भरत नाही' हे मध्यस्थाने तिच्या आईला ऐकवले होते. दोघींचे प्रश्न जवळजवळ सारखे होते. "ताई, किती खर्च येतो? डाग राहतो का? कुणाला कळंल का?" मला पुढे कळंल का, मला तिथे जाणवेल का, हे दोघींनीही विचारले नाही. मी विचारले तेव्हा एकजण हसली आणि म्हणाली, "माझ्या जाणवण्याचं कोण बघतंय?" या एका वाक्यात आपला सगळा विषय आला आहे.

आता शरीरात नेमके काय घडते ते समजून घेऊ. छातीच्या फासळ्यांच्या मधून मज्जातंतू निघतात आणि त्वचेपर्यंत येतात. स्तनाग्र आणि त्याभोवतीच्या काळसर वर्तुळाची जाणीव मुख्यतः चौथ्या फासळीखालून, काखेच्या बाजूने येणाऱ्या मज्जातंतूच्या फांदीवर अवलंबून असते. तिसऱ्या आणि पाचव्या तंतूंचाही त्यात वाटा असतो. पिशवी बसवायची तर आत तिच्यासाठी जागा करावी लागते, स्तनाच्या गाठींखाली किंवा छातीच्या स्नायूखाली. ही जागा बाजूला जितकी वाढवावी तितकी ती त्या तंतूच्या वाटेवर जाते. तंतू ताणला जातो, दबतो किंवा कापला जातो. पिशवी मोठी असेल तर ताण जास्त. छेद कुठे घेतला, स्तनाखालच्या घडीत, वर्तुळाच्या कडेने की काखेत, यावर कुठला भाग बधिर होईल हे काही अंशी ठरते.

ताणलेला तंतू बहुधा सावरतो. त्याला वेळ लागतो, कारण मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात. म्हणून मुंग्या येणे, चमका मारणे, एका बाजूला जाणवणे आणि दुसऱ्या बाजूला न जाणवणे असे प्रकार काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष चालू शकतात. पुष्कळजणींची संवेदना बऱ्याच अंशी परत येते. पण दोन वर्षांनंतरही जे बधिर राहिले ते बहुधा बधिरच राहते. कुणाचे परत येईल आणि कुणाचे नाही, हे ऑपरेशनच्या आधी कुठलाही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. म्हणजे हे एक जोखमीचे देणेघेणे आहे. बाईने ते डोळे उघडे ठेवून स्वीकारले तर तो तिचा निर्णय. तिला ठाऊकच नसेल तर निर्णय दुसऱ्याचा.

बधिरपणा म्हणजे रोजच्या जगण्यात काय? कातडीला जाणवत नसेल तर चटका बसलेला कळत नाही. स्तनांच्या शस्त्रक्रियेनंतर बधिर झालेल्या भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवून फोड आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आपल्याकडे तर बाई चुलीपुढे, तव्यापुढे, उकळत्या आधणापुढे उभी असते. दुसरी गोष्ट दुधाची. बाळ ओढू लागले की स्तनाग्रातून मेंदूकडे संदेश जातो, मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो आणि पान्हा फुटतो. पान्हा फुटण्याची वाट याच मज्जातंतूंवरून जाते. तिला इजा झाली तर दूध उतरण्यात अडचण येऊ शकते. अशा ऑपरेशननंतरही अनेकजणी बाळाला पाजतात हे खरे आहे, पण 'काही फरक पडत नाही' असे सरसकट सांगणे खोटे आहे. लग्न जमावे म्हणून ऑपरेशन करून घेणाऱ्या मुलीवर पुढे दूध येत नाही म्हणून बोल लागणार असतील, तर हे तिला आधी कळायला नको का?

तिसरी गोष्ट सुखाची. इथे आपला आवाज खाली येतो. बाईने दुखण्याबद्दल बोलले तर चालते, सुखाबद्दल बोलले तर ती वाह्यात ठरते. विज्ञानही या संकोचातून सुटलेले नव्हते. कॅनडातील शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर मेंदूचा प्रसिद्ध नकाशा तयार केला. शरीराच्या कुठल्या भागाची जाणीव मेंदूत कुठे होते, हे त्यांनी एका माणसाच्या चित्रातून दाखवले. ते चित्र पुरुषाचे होते. बाईच्या स्तनांना त्यात जागा नव्हती. स्तनाग्राच्या स्पर्शाने मेंदूचा तोच भाग उजळतो जो जननेंद्रियांच्या स्पर्शाने उजळतो, हे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या बॅरी कोमिसारुक यांच्या गटाने २०११ साली दाखवले. बायकांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते ते विज्ञानाच्या कागदावर यायला इतका काळ लागला. मग संमतीच्या कागदावर ते आपोआप येईल, अशी आशा कशी धरावी?

या ऑपरेशनचा जन्मच संमतीच्या प्रश्नासह झालेला आहे. सिलिकॉनच्या पिशव्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या १९६२ साली, अमेरिकेत टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथे. ती बाई, टिमी जीन लिंडसी, सहा मुलांची आई होती. धर्मादाय रुग्णालयात ती गेली होती छातीवरचे गोंदण काढायला. तू या प्रयोगात भाग घेशील का, असे डॉक्टरांनी तिला विचारले. तिला स्वतःला हवे होते ते बाहेर आलेले कान नीट करून घेणे, असे तिने पुढे अनेक मुलाखतींत सांगितले. कानही करून देऊ, असे ठरले आणि ती तयार झाली. गरज बाईची होती एक, आणि डॉक्टरांनी पाहिली दुसरीच.

पुढे तीस वर्षे या पिशव्या लाखो बायकांच्या शरीरात बसल्या आणि मग, १९९२ साली, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून त्यांच्या वापरावर बंधने घातली. २००६ साली ती उठली. फ्रान्समधील एका कंपनीने औद्योगिक वापराचे सिलिकॉन भरून पिशव्या विकल्याचे २०१० साली उघड झाले. २०१९ साली खडबडीत कवचाच्या काही पिशव्या एका दुर्मीळ कर्करोगाशी असलेल्या संबंधामुळे जगभरातून परत मागवल्या गेल्या. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच अमेरिकन प्रशासनाने नियम केला की ऑपरेशनपूर्वी बाईला धोक्यांची लेखी यादी द्यायची, डॉक्टरांनी ती तिच्याबरोबर वाचायची आणि तिने त्यावर आपली खूण करायची. या पिशव्या आयुष्यभर टिकणाऱ्या नाहीत, त्या काढाव्या किंवा बदलाव्या लागू शकतात, हेही तिला सांगायचे. जगातील श्रीमंत देशाला एवढी साधी गोष्ट नियमात बसवायला साठ वर्षे लागली.

आपल्याला संमतीची लढाई नवी नाही. नांदेडहून हैदराबाद लांब नाही, आपली कितीतरी माणसे मोठ्या ऑपरेशनला तिकडेच जातात. त्याच हैदराबादजवळ पटानचेरू येथे १९८५ साली नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी गरीब बायकांना जमवले होते. हा प्रयोग आहे आणि त्याचे दुष्परिणाम काय, हे त्यांना नीट सांगितलेलेच नव्हते. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघड केले आणि १९८६ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. लातूरच्या शेजारच्या बीड जिल्ह्याची गोष्ट तर आपल्या दारातली. २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. किती गर्भाशये गेली हे आपण मोजले, आणि ते मोजायलाच हवे होते. पण त्या बायकांना नंतर अंगात काय जाणवते, काय जाणवेनासे झाले, याची मोजदाद कुणी केली? अवयव गेला तर दिसतो. जाणीव गेली तर फक्त तिलाच कळते, आणि तिचे कुणी विचारत नाही.

कायदा इथे आपल्या थोडा बाजूने आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. बाईने तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालयाने म्हटले, ही संमती नव्हे. रुग्णाला उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके कळतील एवढी माहिती दिली तरच संमती खरी. अगदी दूरचे, क्वचित घडणारे धोके सांगितलेच पाहिजेत असे न्यायालयाने म्हटलेले नाही. पण संवेदना बदलणे हा या ऑपरेशनचा दूरचा धोका नाही, तो नेहमीच्या धोक्यांपैकी आहे.

आणि तरीही डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम बघा. शस्त्रक्रियेपूर्वी पती किंवा पत्नीची, अज्ञान असल्यास पालकांची, 'किंवा' स्वतः रुग्णाची लेखी संमती घ्यावी, अशी त्याची रचना आहे. सज्ञान बाईचे शरीर, आणि यादीत नवरा आधी! व्यवहारात संमतीपत्र इंग्रजीत असते, ऑपरेशनच्या सकाळी समोर येते, आणि 'सही कुठे करू' एवढाच प्रश्न उरतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ साली रुग्णहक्क आले. भिंतीवरचा तो फलक बायकांना वाचून दाखवणे हे आपले काम आहे.

हा प्रश्न फक्त छाती वाढवणाऱ्यांचा नाही, हे माझे तिसरे आणि सर्वात महत्त्वाचे उत्तर. लातूरहून बार्शीला, नांदेडहून हैदराबाद-मुंबईला स्तनांच्या कर्करोगासाठी जाणाऱ्या आपल्या कितीतरी बहिणी आहेत. स्तन काढल्यावर छातीची कातडी बधिर होते, काखेतील गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूची जाणीव जाते. जीव वाचवण्यासाठी ते करावे लागते आणि करून घ्यावे. पण अशी एक बाई मला म्हणाली होती, "तिथं हात लावला की दुसऱ्याच्या अंगाला लावल्यावानी वाटतंय, मला वाटलं माझंच डोकं फिरलं." तिला कुणी आधी दोन वाक्यांत सांगितले असते तर वर्षभर ती स्वतःला वेडी समजत बसली नसती. कर्करोगानंतर स्तन पुन्हा घडवता येतो, तो दिसतो. जाणवतोच असे नाही. तीच माहिती, तेच मज्जातंतू, तोच न विचारलेला प्रश्न.

कुणा बाईने छाती वाढवून घेऊ नये, असा फतवा काढायचा माझा विचार नाही. नवऱ्याचे टोमणे आणि बाजाराचा दबाव यांवर बोलायचे ते बोलूच, पण त्या दबावाखाली निर्णय घेणाऱ्या बाईला आपण मूर्ख ठरवू लागलो तर ती आपल्याकडे येणेच बंद करील. काही ट्रान्स स्त्रियांसाठी हे ऑपरेशन स्वतःला सापडण्याचा भाग असते. कर्करोगातून उठलेल्या बाईला आरशात स्वतःला पूर्वीसारखे बघावेसे वाटू शकते. या सगळ्यांच्या इच्छेचा मान राखूनच म्हणायचे आहे की इच्छा आणि माहिती यांचे भांडण नाही.

तेव्हा आपल्या गटांनी काही साधी कामे हाती घ्यावीत. मराठवाड्यातल्या बोलीत एका पानाची यादी तयार करावी आणि स्तनांचे कुठलेही ऑपरेशन करायला निघालेल्या बाईच्या हाती ती द्यावी. त्यात डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असावेत: छेद कुठे घेणार? पिशवी किती मोठी? कुठला भाग बधिर होईल आणि किती दिवस? परत न आल्यास काय? पुढे बाळाला पाजायचे आहे, त्याचे काय? पिशवी किती वर्षांनी तपासायची आणि बदलायची, आणि तो खर्च कुणाचा? संमतीपत्र मराठीत, किमान दोन दिवस आधी, घरी नेऊन वाचायला मिळावे, अशी मागणी आपल्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांकडे आणि नांदेड-लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे लेखी करावी. सही बाईचीच हवी, नवऱ्याची सही तिच्या बदली चालणार नाही, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

आणि आरोग्य शिबिरांत, जिथे आपण रक्त तपासतो, गाठ कशी बघायची ते शिकवतो, तिथे एक प्रश्न वाढवावा: तुम्हाला काय जाणवते? पहिल्या वेळी बायका पदर तोंडाला लावून हसतील. दुसऱ्या वेळी एखादी बोलेल. तिचे लिहून घ्यावे.